पंधराशे तीसची नोंद

३ मार्च

चि. बंधूस,

आशीर्वाद लिहीत नाही. पत्र शेवटपर्यंत वाचलंस तर बघू.

फोन केला नाही, कारण फोनवर तू ‘हॅलो, हॅलो, आवाज येत नाही’ असं करतोस. तुला आवाज लहानपणापासून सोयीनंच येतो. म्हणून रजिस्टर पोस्टानं पाठवते आहे. पोचपावतीवर तुझी सही येईल. तुझी सही कशावर तरी येते आहे हे बघूनच मला बरं वाटेल.

आज खारूचा फोन आला होता. तुझ्या मुलीला मी अजून खारू म्हणते आणि ती मला दर रविवारी फोन करते, हे तुला माहीत नसेल. तू रागावशील म्हणून ती सांगत नाही. तीस वर्षांची बाई, हाताखाली चाळीस माणसं, जमिनीखाली दोन-दोन किलोमीटर वायूची विहीर पाहिजे तिकडे वळवते, आणि बापाला भिते.

ती म्हणाली, “आत्या, एक गंमत सांगू? माझी नवी विहीर तुमच्या सात नंबरच्या शेजारून जाणार आहे.”

मी म्हटलं, “किती शेजारून?”

“एकोणीसशे मीटर खोलीवर अकरा मीटर. दहाच्या आत जायची परवानगी नाही, म्हणजे एक मीटर वर आहे. सातमध्ये अजून वायू आहे ना, म्हणून जरा जपून. सातच्या मोजणीचा जुना तक्ता समोर आहे. खाली सही कोणाची असेल सांग?”

“माझी.”

“तुझी! किती सुंदर अक्षर आहे गं. आता कुणी असं लिहीत नाही.”

मी म्हटलं, “अक्षराचं राहू दे. पंधराशेच्या पुढे वाच.”

तिनं वाचलं. पंधराशे मीटर : कल तीस अंश, दिशा शंभर. पंधराशे साठ : कल तीस, दिशा शंभर.

“मधे पंधराशे तीस नाही का?”

“नाही. एक वाचन खराब झालेलं असणार. पण दोन्हीकडे आकडे तेच आहेत, म्हणजे मधे सरळच आहे, काही बिघडत नाही.”

मग ती मला जेवलीस का विचारत राहिली आणि मी जेवले जेवले म्हणत राहिले.

पंधराशे तीसचं वाचन खराब नव्हतं, हे जगात दोन माणसांना माहीत आहे. एक मी. दुसरा तू, वळण मोजण्यात तज्ज्ञ म्हणून ज्याचा फोटो त्या कचेरीच्या जिन्यात लावलाय तो.

खारूची विहीर आज नऊशे मीटरवर आहे. रोज ऐंशी-एक मीटर जाते. म्हणजे पंधरा-सोळा तारखेला ती तिथं पोचेल. भागाकार तुला येतो.

तिला तू सांग. बापाच्या तोंडून ऐकू दे. चार दिवस देते.

कळावे. लोभाचं नंतर बघू.

तुझी थोरली बहीण


७ मार्च

चि. बंधूस,

तुझा फोन आला. यावेळी आवाज येत होता.

“ताई, जुनी मढी कशाला उकरतेस?” हे तुझं पहिलं वाक्य. मग म्हणालास, “तुझं वय झालंय, आकडे डोक्यात गोंधळतात.” त्यानंतर, “पोरीच्या कामात लुडबूड करू नकोस, तिचं नाव खराब होईल.” शेवटी तुझी बायको मागून म्हणाली, “त्यांना म्हणावं, गोळ्या वेळेवर घ्या.” घेते म्हणावं. सकाळी एक, संध्याकाळी अर्धी. एकही गाळत नाही. गाळायची सवय तुमच्या घरात आहे.

आकडे गोंधळतात काय? मग मी सगळं परत मांडते. माझ्या कॉन्व्हेंटात सिस्टरांच्या वर्गात हेच चालायचं. उत्तर बरोबर असलं तरी मधली पायरी गाळली की सिस्टर लाल शाईनं भोपळा काढायच्या. “उत्तर तू कुठून आणलंस ते मला दिसत नाही, म्हणजे ते तुझं नाही.” तू मुलांच्या शाळेत होतास, तुझ्या वह्या मी घरी सोडवून द्यायचे, त्यामुळे हा भोपळा तुला कधी मिळाला नाही. मिळायला हवा होता.

तर ऐक. सात नंबर तिरकी खणत होतो. दर तीस मीटरला यंत्र खाली सोडून फोटो काढायचा. नाण्याएवढी गोल फिल्म वर यायची. तिच्यावर दोन गोष्टी : विहीर उभ्या रेषेपासून किती कलली आहे, आणि कुठल्या दिशेला. तू फिल्म पाठवायचास, मी भिंगाखाली वाचायचे आणि विहीर किती वळली ते काढायचे. तीस मीटरला तीन अंशांपेक्षा जास्त वळण चालणार नाही, असं करारातच होतं. कारण त्यातून पोलादी नळ्या फिरतात. वाकलेल्या भोकात नळी फिरली की प्रत्येक फेरीला ती इकडून वाकते, तिकडून वाकते. तार वाकवून वाकवून तोडतात तशी एक दिवस तुटते.

पंधराशेला कल तीस, दिशा शंभर. पंधराशे तीसला कल तीस, दिशा एकशे अठरा. मी गणित केलं. नऊ अंशांना किंचित कमी. परवानगीच्या तिप्पट.

तू ट्रक घेऊन धडधडत कचेरीत आलास. चिखलाच्या बुटांनी माझ्या टेबलाशी उभा राहिलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, “ताई, कल तीस होता, तीसच राहिला. मग वळण आलं कुठून? वाढवून ठेवलंस काय नऊ?”

आणि बाकीचे हसले. मुख्य अभियंता बोलतो आहे म्हटल्यावर हसायचंच.

मी उठून कोपऱ्यातली छत्री आणली. मूठ टेबलावर टेकवली, छत्री तिरकी धरली. म्हटलं, “हा कल. बदलत नाही ना?” आणि कल तसाच ठेवून छत्री नुसती फिरवली. टोक सरकलं आणि तुझ्या शर्टाच्या खिशाला लागलं. “आता सांग, साहेब. वळण आलं कुठून?”

मग कुणी हसलं नाही. चहावाल्या मावशी तेवढ्या हसल्या आणि कपबशा घेऊन पटकन बाहेर गेल्या.

तुला कळलं होतं, हे मला तुझ्या चेहऱ्यावरून कळलं होतं. कारण तू नजर खिशाकडे नेलीस. लहानपणी चोरून काही खाल्लंस की असाच खिशाकडे बघायचास.

विहीर भरकटली हे तुला माझ्याआधी कळलं होतं. म्हणून पुढच्या तीस मीटरात तू हिसका देऊन तिला परत शंभरावर आणलीस. एक वाकडं आणि त्यावर उलट वाकडं. खरं तर थांबायला हवं होतं. तेवढा भाग सिमेंटनं बुजवून वरून नव्यानं खणायला हवं होतं. बारा दिवस गेले असते. आणि त्या महिन्यात तुझ्या बढतीचा कागद वर गेलेला होता.

मधली नोंद काढली की काय राहतं? पंधराशेला तीस-शंभर, साठला तीस-शंभर. वळण शून्य. देखणं शून्य. असं सुंदर उत्तर माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत कधी आलं नाही.

आता दुसरं. त्या साठ मीटरांत विहीर बाजूला गेली ती परत आली नाही. दिशा परत आली, जागा परत आली नाही. तेवढ्यात चार-सत्तर, म्हणजे जवळजवळ पावणेपाच मीटर ती सरकली, आणि तिथून खाली सगळीच्या सगळी तेवढी सरकलेली आहे. सरकली ती खारूच्या बाजूला.

अकरातून पावणेपाच गेले, राहिले सव्वासहा. ती स्वतःला दहाच्या वर समजते आहे. दोन्ही विहिरींच्या यंत्रांत थोडीथोडी चूक असतेच, म्हणून तर दहाचा नियम. सव्वासहात ती चूक मावेल की नाही, हे तू सांग. तिचं खणणारं टोक सातच्या लोखंडी अस्तराला लागलं तर वर काय येईल, तेही तूच सांग. ती रिगवर, विहिरीच्या तोंडाशी उभी असते. कचेरीत बसून फिल्म वाचत नाही.

आज विहीर बाराशेवर आहे.

तुझी ताई, आकडे न गोंधळलेली


१० मार्च

बंधू,

‘चि.’ सुद्धा काढून टाकलं. बघून घे.

तुझं पत्र मिळालं. संगणकावर छापलेलं आणि खाली सही नसलेलं. वा. “ज्या तक्त्याबद्दल आपण लिहिता तो आपल्याच हस्ताक्षरात असून त्याखाली आपलीच सही आहे.” आपण! मी तुझा शेंबूड पुसलेला आहे, आणि मी आपण झाले.

हो. माझंच हस्ताक्षर आहे. हे मी आधीच्या दोन पत्रांत लिहिलं नाही, कारण मला लिहायचं नव्हतं. आता लिहिते.

तू छत्रीच्या दिवशी निघून गेलास, आणि दुसऱ्या दिवशी आईला घेऊन माझ्या खोलीवर आलास. खुर्ची एकच होती, तिच्यावर आई बसली. तू दारात उभा. तू काही बोलला नाहीस. तू कधी बोलत नाहीस, तू आईला आणतोस.

आई म्हणाली, “एक ओळच काढायची आहे म्हणे.”

मी म्हटलं, “आई, तुला कळत नाही त्यात.”

“मला गणित कळत नाही. पण त्याला बायको आहे, लेकरू आहे. तू एकटी. तुझं काय जातंय?”

हे वाक्य मी बावीस वर्षं उशाला घेऊन झोपते आहे. तुझं काय जातंय.

मी नवा तक्ता लिहिला. रागानं इतका सुंदर लिहिला की तुझी मुलगी आज अक्षराचं कौतुक करते. सही केली. तारीख तू आठवड्यापूर्वीची घालायला लावलीस, ती घातली.

मग दोन महिन्यांनी नळी तुटली. नेमकी तिथंच, पंधराशे तीसला. तुटलेला भाग बाहेर काढायला एकोणीस दिवस लागले. बारा वाचवायला निघाला होतास. चौकशी बसली. लांब टेबल, पाण्याचे चार पेले, तिघंजण. त्यांनी विचारलं, “इथं वळण असल्याशिवाय नळी तुटणार नाही. मूळ फिल्म कुठं आहे?” तू म्हणालास, “हिशेब आमच्या ताई बघतात. हल्ली त्यांच्याकडून जरा चुका होतात. घरच्या अडचणी आहेत.”

घरच्या अडचणी! माझ्या घरची अडचण त्याच टेबलाशी टाय लावून बसली होती.

त्यांनी मला विचारलं, “फिल्म कुठं आहे?” आणि मी आईकडे बघून आले होते, म्हणून म्हटलं, “हरवली.”

निष्कर्ष काय निघाला? नोंदी ठेवण्यात हलगर्जीपणा. मला हिशेबातून काढून भांडारात टाकलं. अकरा वर्षं मी हातमोजे मोजले. डावे वेगळे, उजवे वेगळे. निवृत्त झाले तेव्हा मला घड्याळ दिलं आणि कुणीतरी भाषणात म्हणालं, “ताईंच्या काळात एकही मोजा हरवला नाही.” तू समोर बसला होतास. टाळ्या वाजवल्यास.

फिल्मही हरवली नव्हती. ती माझ्याकडे आहे. टाचण्यांच्या डबीत, कापसात. सिस्टरांनी शिकवलेलं इतक्या सहज जात नाही. कच्चं काम फेकायचं नाही.

तेव्हा ‘आपलीच सही’ लिहून मला घाबरवू नकोस. माझी सही आहे, हे मी चारचौघांत सांगेन. तू फक्त तुझं सांग. पुन्हा सांगते, खारूला हे तुझ्याकडून कळू दे. आत्याकडून बापाबद्दल कळणं बरं नाही. विहीर साडेचौदाशेवर गेली.

ताई


१३ मार्च, सकाळी

काल खारूला मीच फोन केला. विचारलं, “बाबांचा फोन आला होता का?”

“हो, आला ना. अर्धा तास बोलले! इतकं ते कधीच बोलत नाहीत. झोप होते का, खाणं नीट आहे का, हेल्मेट घालतेस का.”

हेल्मेट!

मुलीला हेल्मेट घालायला सांगून बापाचं कर्तव्य संपलं. खालून विहीर फुटली तर ते हेल्मेट तिला किती पुरेल, तेही काढून ठेवलं असशील.

मग ती म्हणाली, “आणि तुझ्याबद्दलही बोलले, आत्या. म्हणाले, ताई हल्ली जुनं काहीबाही बोलते, मनावर घेऊ नकोस. तुला बरं नाहीये का?”

मला वाटत होतं मी तुला बापाचा मान म्हणून वेळ देते आहे. ते खोटं आहे. मी वेळ देत होते कारण सांगताना मला माझी सही आणि ‘हरवली’ हा शब्दही सांगावा लागणार होता. आणि दर रविवारचा फोन बंद होईल, ही भीती होती. एवढंच. दहा दिवस मी तुझ्यावर ओरडत होते आणि एका फोनसाठी त्या पोरीला खोल खोल जाऊ देत होते. तू बढतीसाठी केलंस, मी फोनसाठी. आपण एकाच आईची मुलं.

साडेनऊची बस आहे. डबी पर्समध्ये आहे. हे पत्र स्टँडवरच्या पेटीत टाकते. उत्तर देऊ नकोस.


२४ मार्च

बंधू,

तुला बातमी कचेरीतून लागली असेल, पण ती तू अर्धीच ऐकणार. म्हणून सगळी लिहिते.

रिगच्या फाटकावरचा रखवालदार आत सोडेना. “मावशी, भेटीची वेळ नाही. कोण पाहिजे?” मी म्हटलं, “तुमच्या बाईसाहेबांची आत्या आहे आणि तुमच्या फाटकाच्या आत जे काही आहे ते उडून जाऊ नये म्हणून आले आहे.” त्यानं मला पाणी दिलं आणि फोन लावला. ऊन लागलंय असं समजला असेल.

खारू आली. बुटांना चिखल, तुझ्यासारखाच. त्यांच्या पत्र्याच्या खोलीत टेबलावर मी फिल्म ठेवली. म्हटलं, “वाच.” तिच्याकडे भिंग नव्हतं. आता कुणाकडे नसतं. तिनं मोबाइलनं फोटो काढून मोठा केला.

“कल तीस. दिशा एकशे… अठरा.” मग मागे खरडलेली तारीख आणि खोली वाचली. पंधराशे तीस.

तिनं कागद ओढला, आकडे मांडले, मशीनवर एकदा केले, हातानं पुन्हा केले. पायऱ्या दाखवून. मग उठली, बाहेर गेली, आणि मी खोलीतून ऐकलं, “थांबवा.” एकदाच म्हणाली. तो सगळा धडधडाट बंद व्हायला मिनिट लागलं असेल. विहीर सतराशे दहावर होती.

परत येऊन तिनं दार लावलं. “कोणी काढली ही ओळ?”

मी सगळं सांगितलं. तुझं, आजीचं, माझं. माझंही, ‘हरवली’पर्यंत.

मला वाटलं होतं ती माझ्या गळ्यात पडेल. मी इतकी म्हातारी आणि इतकी मूर्ख आहे. ती म्हणाली, “तीन तारखेला फोनवर तू मला विचारलंस, पंधराशे तीस नाही का. तेव्हा तुला माहीत होतं.”

“हो.”

“मी तेव्हा नऊशेवर होते, आत्या. आठशे मीटर मी खणले तोवर.”

मी म्हटलं, “मी तुझ्या बाबांना—”

“बाबांचं बाबांजवळ. तुझं विचारते आहे.”

तिनं ड्रायव्हरला सांगून मला गाडीनं घरी पाठवलं. गाडीत पाण्याची बाटली ठेवली होती, आठवणीनं. पण बाहेर आली नाही.

गेल्या आठवड्यात त्यांनी सात नंबरमध्ये नवं यंत्र सोडून ती वरपासून खालपर्यंत पुन्हा मोजली. सरकलेली निघाली चार मीटर साठ सेंटिमीटर. माझं उत्तर चार-सत्तर होतं. दहा सेंटिमीटरची चूक मी मान्य करते. नव्या विहिरीचा मार्ग बदलला आहे. आता सातपासून चोवीस मीटर दूर जाईल.

दोन रविवार फोन आला नाही. काल तिचं पाकीट आलं. आत सात नंबरचा सुधारलेला तक्ता. पंधराशे, पंधराशे तीस, पंधराशे साठ, तिन्ही ओळी ओळीनं. शेऱ्याच्या रकान्यात तिनं लिहिलंय : “ही नोंद जाणूनबुजून वगळण्यात आली होती.” खाली दोन सह्यांच्या जागा. हिशेब करणार, आणि मंजूर करणार. सोबत चिठ्ठी, दोनच ओळींची : “आत्या, तुझी करून बाबांकडे पाठव. मी शनिवारी त्यांच्याकडून घेऊन जाईन.”

मी केली. अक्षर पूर्वीसारखं आलं नाही. पण तारीख आजची घातली.

तक्ता या पत्रासोबत आहे. तुझी जागा कुठं ते दाखवायला तिनं पेन्सिलीनं फुली केली आहे, लहान मुलांना करतात तशी. आईला बोलावू नकोस, ती आता येणार नाही. बायकोला गोळ्यांचं विचारू नकोस. एकटा बस आणि ओळ वाच.

सही नाही केलीस तरी कागद फाइलला लागणार आहे, असं तिनं चिठ्ठीच्या मागे लिहिलंय. त्या जागेत काय लिहायचं ते ती शनिवारी ठरवील. तिचं अक्षर चांगलं आहे. माझ्या वळणावर गेलंय.

ताई